कर्मचाऱ्यांसाठी ट्रेनिंग कोर्स कसा बनवायचा? शिकणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात, संपूर्ण माहिती



नवीन नोकरी लागली की पहिल्या दिवशीच मोबाईलवर एक लिंक येते. 'हा कोर्स आजच पूर्ण करा.' आपण व्हिडिओ चालू करतो आणि फोन उलटा ठेवून चहा प्यायला जातो. शेवटी क्विझ येते, तेव्हा ग्रुपवरून उत्तरं मागवतो. सर्टिफिकेट डाऊनलोड झालं की ट्रेनिंग संपलं! दुसऱ्या दिवशी कामावर मात्र 'हे कसं करायचं रे?' म्हणून शेजारच्यालाच विचारावं लागतं.

गेली काही वर्षं मी असे कोर्स बनवण्याचं काम करतो. खरं सांगायचं तर माझा पहिला कोर्सही असाच होता, आणि त्याची किंमत मला नाही, दुसऱ्यांना मोजावी लागली. म्हणून आजच्या लेखात आपण शिकणाऱ्याच्या गरजेवर आधारित ट्रेनिंग म्हणजे काय, गरज कशी शोधायची, मोबाईलवर चालणारा कोर्स कसा बनवायचा आणि तो उपयोगी पडला की नाही हे कसं तपासायचं, ते बघणार आहोत. तुम्ही टीम लीडर असाल, दुकानात दोन-चार मुलं कामाला असतील किंवा एचआरमध्ये नुकतेच लागला असाल, तरी ही माहिती कामाला येईल.

## माझा पहिला कोर्स का फसला?

भिवंडीच्या एका गोडाऊनसाठी मला कोर्स बनवायचा होता. काम होतं रिटर्नचं, म्हणजे ग्राहकाकडून परत आलेला माल उघडून तपासायचा आणि तो का परत आला याचं कारण हातातल्या स्कॅनरवर निवडायचं. कारण चुकीचं निवडलं की चांगला माल भंगारात जायचा किंवा बिघडलेला माल पुन्हा विक्रीला. अशा चुका वाढल्या होत्या. ज्याच्या आयडीवर चूक सापडेल त्याच्या पगारातून पैसे कापले जायचे.

मला ऑफिसमधून सांगण्यात आलं, 'मुलांना ट्रेनिंगची गरज आहे.' मी ऑफिसमध्येच बसून ४५ मिनिटांचा व्हिडिओ बनवला. त्यात कंपनीची माहिती होती, साहेबांचा संदेश होता, सगळे नियम होते. शेवटी २० प्रश्नांची क्विझ. जवळपास सगळे पूर्ण मार्कांनी पास झाले. चुका मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या.

मग मी दोन रात्रपाळ्या गोडाऊनमध्ये जाऊन बसलो. तिथे पन्नाशीकडे आलेले एक काका होते. त्यांचे तीन महिने सलग पैसे कापले गेले होते आणि ते काम सोडायच्या विचारात होते. मी बघत होतो, माल हातात घेतल्या घेतल्या ते बरोबर ओळखायचे की हा फुटलाय आणि हा नुसता चालत नाहीये. चूक व्हायची ती पुढे. स्कॅनरवर इंग्रजीत दोन पर्याय होते, 'डॅमेज्ड' आणि 'डिफेक्टिव्ह'. पहिल्याचा अर्थ तुटलेलं-फुटलेलं. दुसऱ्याचा अर्थ दिसायला धड, पण चालत नाही. काका इंग्रजीतलं पहिलं अक्षर ओळखायचे, आणि दोन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होत होते.

ते म्हणाले, "सर, काम येतं हो मला. हा डबा काय म्हणतोय ते कळत नाही."

माझ्या ४५ मिनिटांच्या व्हिडिओत या दोन शब्दांचा फरक कुठेच नव्हता. पुढे काय केलं ते सांगतोच, पण त्याआधी थोड्या बेसिक गोष्टी समजून घेऊ.

## शिकणाऱ्याच्या गरजेवर आधारित ट्रेनिंग म्हणजे काय?

साध्या भाषेत सांगायचं तर, 'मला काय शिकवायचंय' इथून सुरुवात न करता 'समोरच्याला काम करताना कुठे अडतंय' इथून सुरुवात करणं.

ही कल्पना काही मोबाईलच्या जमान्यातली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांना लाखो नवीन कामगार पटकन तयार करायचे होते. तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. त्यात सुपरवायझरला खिशात ठेवायला एक छोटं कार्ड दिलं जायचं. शिकवण्याच्या चार पायऱ्या त्यावर होत्या : कामगाराची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याला करायला लावा आणि नंतर येऊन बघत राहा. कामगाराला येत नसेल तर दोष शिकवण्यात आहे, अशी त्यामागची भूमिका होती.

मोठ्या माणसांच्या शिकण्याबद्दल अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी बरंच लिहिलं. त्यांच्या मांडणीचा सार असा : मोठ्या माणसाला आधी 'हे मी का शिकू' याचं उत्तर हवं असतं, त्याच्याकडे आधीचा अनुभव असतो आणि आज समोर असलेला प्रश्न सुटत असेल तर तो मनापासून शिकतो. म्हणून कामगाराला शाळेतल्या मुलासारखं बसवून धडा वाचून दाखवला तर त्याचं लक्ष लागत नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये 'मिशन कर्मयोगी' मंजूर केलं. सरकारी कर्मचाऱ्यांना त्यांच्या प्रत्यक्ष भूमिकेला लागणारं शिक्षण ऑनलाईन मिळावं, हा त्यामागचा विचार आहे. म्हणजे हा विषय फक्त मोठ्या आयटी कंपन्यांचा राहिलेला नाही.

## आधी विचारा : ट्रेनिंग खरंच हवंय का?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळली होती.

रॉबर्ट मेगर आणि पीटर पाईप यांनी १९७० मध्ये कामातल्या अडचणी कशा ओळखायच्या यावर एक पुस्तक लिहिलं. त्यातली एक कसोटी मला फार आवडते. स्वतःला विचारायचं : 'जिवावर बेतलं तर या माणसाला हे काम जमेल का?'

* उत्तर 'नाही' असेल तर त्याला ते येत नाही. इथे ट्रेनिंगचा उपयोग होईल.
* उत्तर 'हो' असेल तर त्याला काम येतं, पण दुसरं काहीतरी आडवं येतंय. साधन नाही, वेळ नाही, सूचना कळत नाहीत, किंवा नीट काम केल्याने त्याचंच नुकसान होतंय. इथे कितीही कोर्स दिले तरी फरक पडणार नाही.

गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या टेबलावर टेप संपलेली असायची आणि नवीन टेप आणायला मुलांना दुसऱ्या टोकाला जावं लागायचं. घाईत ते अर्धवट चिकटवलेला खोका पुढे ढकलायचे. यावर माझ्या कोर्समध्ये 'खोका नीट चिकटवा' अशी अख्खी स्लाईड होती! गरज स्लाईडची नव्हती, टेबलावर चार टेप ठेवण्याची होती.

## गरज कशी शोधायची?

याला 'ट्रेनिंग नीड्स अ‍ॅनालिसिस' म्हणतात. १९६१ मध्ये मॅकगेही आणि थेअर या दोन अभ्यासकांनी ती तीन पातळ्यांवर बघायला सांगितलं. आजही तीच पद्धत वापरतात.

१. संस्था : कंपनीला नक्की काय सुधारायचंय? 'स्टाफ स्मार्ट झाला पाहिजे' हे उत्तर चालणार नाही. 'रिटर्नचं कारण चुकीचं निवडलं जाऊ नये' हे चालेल.

२. काम : ते काम टप्प्याटप्प्याने कसं होतं? कोणत्या टप्प्यावर चूक होते?

३. माणूस : हे काम कोण करतंय? त्याला आधीपासून काय येतं? नेमकं काय येत नाही?

मी आता नेहमी चार गोष्टी करतो :

* काम होताना बघतो. किमान एक पूर्ण शिफ्ट. सुपरवायझर जे सांगतो आणि प्रत्यक्षात जे घडतं, त्यात हमखास फरक असतो.
* ज्याला उत्तम जमतं त्याला विचारतो. 'तू हे कसं ओळखतोस?' कामातल्या खऱ्या युक्त्या त्याच्याकडेच असतात.
* ज्याला जमत नाही त्याच्याशी बोलतो, पण साहेब समोर नसताना. साहेब उभे असतील तर प्रत्येक जण 'सगळं समजतं सर' असंच म्हणतो.
* चुकांची नोंद बघतो. कोणती चूक पुन्हा पुन्हा होते, कोणत्या वेळी, कोणत्या टेबलावर.

## शिकणारा कोण आहे, हे कागदावर लिहा

कोर्स बनवायला घेण्याआधी एका पानावर या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा :

* घरी कोणती भाषा बोलतो? कोणती वाचता येते? बोलता येते म्हणून वाचता येईलच असं नाही.
* फोन कोणता आहे? स्टोरेज किती रिकामं? स्क्रीन फुटलेली तर नाही ना?
* नेट कोणाच्या पैशाने? कंपनीचं वायफाय आहे की स्वतःचा रिचार्ज?
* कोर्स कधी करणार? कामाच्या वेळेत, की १२ तास राबून घरी जाताना बसमध्ये?
* या कामाचा आधीचा अनुभव किती?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. नवीन माणसाला एकेक पायरी करून दाखवावी लागते. दहा वर्षं काम केलेल्याला तेच दाखवलं तर तो वैतागतो, त्याला फक्त बदललेलं सांगा. दोघांना एकच कोर्स देणं म्हणजे एकाच मापाचा शर्ट सगळ्यांना घालण्यासारखं आहे.

इथे एक गैरसमज दूर करतो. 'काही जण बघून शिकतात, काही ऐकून शिकतात, म्हणून प्रत्येकाला त्याच्या लर्निंग स्टाईलप्रमाणे शिकवा' असं तुम्ही ऐकलं असेल. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन तपासलं. अशी विभागणी करून शिकवल्याने जास्त शिकलं जातं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यामुळे स्टाईलच्या टेस्ट घेण्यात वेळ घालवू नका. माणसाचं काम, भाषा, अनुभव आणि अडचण बघा.

## उद्दिष्ट कसं लिहायचं?

'कर्मचाऱ्याला रिटर्न प्रोसेस समजेल' हे चांगलं उद्दिष्ट नाही, कारण समजलं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. वर ज्या मेगर यांचं नाव आलं, त्यांनी १९६२ मध्येच सांगितलं होतं की उद्दिष्टात तीन गोष्टी हव्यात :

१. कृती : तो नेमकं काय करेल?
२. परिस्थिती : कशाच्या मदतीने, कुठे करेल?
३. निकष : किती बरोबर केलं म्हणजे जमलं?

गोडाऊनसाठी मी नंतर असं लिहिलं : 'परत आलेल्या १० वस्तू समोर ठेवल्यावर, टेबलावरचं चित्रांचं कार्ड बघून, स्कॅनरवर दहाही वस्तूंचं योग्य कारण निवडेल.' एवढं लिहिल्यावर व्हिडिओतला अर्ध्याहून जास्त भाग आपोआप गळाला. कंपनीचा इतिहास माहीत असून कारण बरोबर निवडता येत नाही ना!

## कोर्स बनवण्याच्या पाच पायऱ्या

ट्रेनिंगच्या क्षेत्रात 'ॲडी' नावाचं मॉडेल सगळ्यांत प्रसिद्ध आहे. त्याची मूळ आखणी १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकन सैन्यासाठी झाली. पायऱ्या अशा :

१. विश्लेषण : गरज, काम आणि शिकणारा समजून घ्या.
२. आराखडा : उद्दिष्ट लिहा. सराव आणि परीक्षा कशी घ्यायची ते ठरवा.
३. निर्मिती : व्हिडिओ, कार्ड, प्रश्न तयार करा.
४. अंमलबजावणी : आधी चार-पाच जणांना देऊन बघा, मग सगळ्यांना द्या.
५. मूल्यमापन : उपयोग झाला का ते तपासा आणि सुधारा.

बहुतेक जण थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात, कारण व्हिडिओ बनवायला मजा येते. पण कोर्स फसतो तो बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरच.

## मोबाईलवर चालणारा कोर्स : प्रॅक्टिकल टिप्स

* एका व्हिडिओत एकच काम. एक-दीड मिनिट पुरे. कामात अडल्यावर पटकन उघडून बघता आला पाहिजे.
* खऱ्या जागी शूट करा. तेच टेबल, तोच स्कॅनर, तेच हात. फोन उभा धरा, कारण बघणाराही उभाच धरणार.
* साईज कमी ठेवा. ४८० पी क्वालिटीत दीड मिनिटाचा व्हिडिओ साधारण ५ ते १० एमबीमध्ये बसतो.
* सबटायटल द्या. गोडाऊनच्या किंवा दुकानाच्या आवाजात काही ऐकू येत नाही.
* सगळ्यांत स्वस्त फोनवर आधी चालवून बघा. तुमच्या फोनवर चालतो म्हणून सगळ्यांच्या चालेल असं समजू नका.
* प्रत्येक गोष्टीला व्हिडिओ लागत नाही. जे पाठ करायची गरज नाही, ते कार्डवर छापून कामाच्या जागी लावा.

कोर्स ठेवायचा कुठे? पाच-दहा माणसांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप आणि गुगल फॉर्म पुरेसे आहेत. माणसं जास्त असतील तर एलएमएस लागतो. कोणी कोणता कोर्स केला, किती मार्क मिळाले याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणजे एलएमएस. 'मूडल' हा २००२ पासून चालत आलेला ओपन सोर्स एलएमएस आहे. त्याचं मोबाईल ॲप आहे आणि कोर्स आधी डाऊनलोड करून ऑफलाईनही बघता येतो.

## शिकलेलं लक्षात कसं राहतं?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरलं जातं आणि मग विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून एकदाच दिलेलं लांबलचक ट्रेनिंग फारसं टिकत नाही.

यावर उपाय म्हणजे आठवून बघणं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं.

म्हणजे क्विझ फक्त मार्कांसाठी नसते, ती शिकण्याचाच भाग आहे. पण ती खऱ्या कामासारखी हवी. 'कंपनीची स्थापना कधी झाली?' विचारण्यापेक्षा फुटलेल्या मिक्सरचा फोटो दाखवून 'कोणतं बटण दाबशील?' असं विचारा. आणि तोच सराव दोन दिवसांनी, आठवड्याने पुन्हा घ्या.

## कोर्सचा उपयोग झाला की नाही, कसं ओळखायचं?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या आजही वापरतात :

१. प्रतिक्रिया : कोर्स कसा वाटला?
२. शिक्षण : शिकवलेलं जमलं का?
३. वर्तन : कामावर गेल्यावर तसं करतो का?
४. परिणाम : जे सुधारायचं होतं ते सुधारलं का?

माझा पहिला कोर्स दुसऱ्या पातळीवर पूर्ण पास होता, तोही ग्रुपवर फिरणाऱ्या उत्तरांमुळे. चौथ्या पातळीवर तो सपशेल नापास होता. ऑफिसने सर्टिफिकेट मोजले आणि म्हटलं, 'ट्रेनिंग तर दिलंय, तरी चुका करतात, म्हणजे निष्काळजी आहेत.' पैसे कापायला आणखी एक कारण मिळालं. चुकीचा कोर्स नुसता वाया जात नाही, तो शिकणाऱ्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरला जातो. हे मला तेव्हा कळलं.

## मग गोडाऊनमध्ये काय केलं?

मोठा व्हिडिओ काढून टाकला. प्रत्येक स्कॅनरजवळ एक कार्ड लावलं. फुटलेल्या वस्तूचं चित्र, शेजारी स्कॅनरवरचा शब्द जसाच्या तसा आणि खाली मराठी-हिंदीत अर्थ. दीड-दीड मिनिटाचे सहा व्हिडिओ बनवले. त्यात हात काकांचे आहेत, कारण माल तपासायला त्यांच्याइतकं चांगलं कोणालाच येत नव्हतं. टेबलावर जास्तीच्या टेप आल्या.

एक गोष्ट फसली. रोज दुपारी व्हॉट्सॲपवर एक प्रश्न पाठवत होतो, पण रात्रपाळीची मुलं तेव्हा झोपलेली असायची. मग प्रश्न शिफ्टच्या सुरुवातीला, हजेरीनंतर पाच मिनिटं, समोरासमोर विचारायला लागलो.

त्या दोन शब्दांतला गोंधळ पुढच्या काही आठवड्यांत जवळजवळ थांबला. काका काम सोडून गेले नाहीत. नवीन मुलं आली की आता सुपरवायझर त्यांना आधी काकांच्याच टेबलावर उभं करतो. त्यांचे आधी कापलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत. मी विचारून बघितलं होतं.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोर्स किती मिनिटांचा असावा?
ठरलेला आकडा नाही. उद्दिष्ट पूर्ण होईल इतका, त्याहून एक मिनिटही जास्त नाही.

सगळ्यांशी बोलायला वेळ नसेल तर?
पाच जणांशी बोला : दोन नवीन, दोन जुने आणि एक ज्याच्याकडून सगळ्यांत जास्त चुका होतात. शून्य जणांशी बोलण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

साहेबांनी 'हे सगळं टाका' म्हटलं तर?
भांडू नका. उद्दिष्ट दाखवा आणि विचारा, 'यातली कोणती गोष्ट नसेल तर काम चुकेल?' बाकीचं वेगळ्या पीडीएफमध्ये द्या.

मी कोर्स बनवत नाही, फक्त करतो. मला याचा काय उपयोग?
कोर्समधलं काही कळलं नाही तर 'मलाच जमत नाही' असं लगेच समजू नका. नेमकं कुठे अडलं ते एका ओळीत लिहून टीम लीडरला पाठवा. चांगला कोर्स त्या एका ओळीपासूनच सुरू होतो.

तर मित्रांनो, तुमच्यावर कधी कोर्स बनवायची वेळ आली तर लॅपटॉप उघडण्याआधी एक दिवस कामाच्या जागी जाऊन उभे राहा. मला ते उशिरा सुचलं, तुम्हाला आधीच सुचू दे. माहिती उपयोगी वाटली तर तुमच्या टीम लीडरला नक्की पाठवा.